थंडीची वही : लहान मुलांकडून घरच्या घरी काय लिहून (किंवा चितारून) घेता येईल?

गोदाकाठची | 6 डिसेंबर, रात्री 10:15

नमस्कार मंडळी. मुलगी साडेपाच वर्षांची, मुलगा साडेतीनचा. मुक्काम इंदिरानगर, नाशिक. संध्याकाळी सहाला अंधार पडतो, खाली खेळायला सोडलं की दुसऱ्या दिवशी नाक गळतं, आणि घरात ठेवलं की मोबाईल. म्हणून ठरवलं की या थंडीत दोघांना रोज थोडा वेळ वही घेऊन बसवायचं.

उत्साहाच्या भरात नेटवरून 'विंटर जर्नल'ची पानं उतरवली आणि कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडून रंगीत चाळीस पानं छापून आणली. पहिल्या पानावर बर्फाचा माणूस. दुसऱ्यावर हातमोजे रंगवा. पाचव्या पानावर एक उभी पट्टी, 'आज किती बर्फ पडला तेवढी रंगवा'. मुलीने आठ दिवस ती पट्टी प्रामाणिकपणे कोरी ठेवली. काल विचारलं, "आई, आपली थंडी खोटी आहे का?"

मला उत्तर सुचलं नाही. पानं रद्दीत टाकली (मागची बाजू कोरी आहे म्हणून काढूनही ठेवली, उगाच खोटं कशाला बोला).

तर, आपल्याकडच्या थंडीची वही कशी करायची? मुलीला अर्धी बाराखडी येते, मुलगा फक्त गिरगोट्या काढतो. माझ्याकडे रोजचा अर्धा तास आहे. चमकी पावडर घरात येणार नाही, एकदा आली होती, अजून डाळीत सापडते.

---

सिडकोवाला_बाबा | 6 डिसेंबर, रात्री 10:32

खोटी थंडी? सकाळी सव्वासहाला माझ्या गाडीवर मागे बसवून अंबडला पाठवा. गरवारे पॉइंट येईपर्यंत खात्री पटेल.

---

बालवाडीच्या_बाई | 6 डिसेंबर, रात्री 11:05

गोदाकाठची, एकतीस वर्षं बालवाडीत काढली, आता नाशिकरोडला निवृत्त बसले आहे, त्यामुळे थोडं लांबण लावते.

पहिली गोष्ट, दोघांना दोन वह्या द्या. एका वहीत दोघं बसवलीत तर थोरली धाकट्याचं पान 'नीट' करून देईल आणि तो पुन्हा हात लावणार नाही. कोऱ्या, जाड कागदाच्या चित्रकलेच्या वह्या घ्या. रेघी वही या वयात नकोच. रेघ दिसली की मुलाला वाटतं, आता परीक्षा.

दुसरं, आधी चित्र, मग बोलणं, आणि सगळ्यात शेवटी अक्षर. मूल चित्र काढेल. तुम्ही विचारायचं, "हे काय चाललंय इथे?" ते जे सांगेल ते त्याच्याच शब्दांत, त्याच्यासमोर, चित्राखाली मोठ्या अक्षरात लिहायचं आणि बोट ठेवून वाचून दाखवायचं. आपण बोललो ते कागदावर उतरतं आणि उद्याही तेच वाचता येतं, हे ज्या दिवशी त्याला कळतं, त्या दिवसापासून ते लिहायला लागतं. अक्षरं नंतर येतातच.

तिसरं आणि सगळ्यात अवघड. दुरुस्त करायचं नाही. माझ्या वर्गातल्या एका पोराने सांगितलं होतं, "मला थंडी चावली." मी तसंच लिहिलं. त्याची आई म्हणाली, "बाई, थंडी वाजली म्हणतात ना?" म्हटलं, तुम्हाला वाजत असेल, त्याला चावली.

बर्फाचं म्हणाल तर, ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 पासून बोर्डीला आणि पुढे कोसबाडला बालवाड्या चालवल्या त्या परिसरातल्या वस्तूंवर. पानं, बिया, शिंपले. परदेशी साधनं महाग होती आणि तिथल्या मुलांची ओळखीचीही नव्हती. तुमच्या छापील पानांचंही तेच झालं.

---

कोरापान | 7 डिसेंबर, सकाळी 8:50

मी जरा उलटं बोलतो, राग नसावा. प्रत्येक गोष्टीचा 'उपक्रम' कशासाठी? आमच्या लहानपणी थंडीत आम्ही शेकोटीला बसायचो, बोरं खायचो, झोपायचो. कुणी वही धरून नोंदवलं नाही, तरी सगळं लक्षात आहे. हल्ली मूल चिंच खातं तर आई म्हणते, "थांब, आधी चिंचेचं चित्र काढ." आणि ही वही शेवटी कोण करतं ते सगळ्यांना माहीत आहे. आई कापते, आई चिकटवते, आई फोटो टाकते, मूल नावापुरतं.

---

गोदाकाठची | 7 डिसेंबर, सकाळी 9:20

@कोरापान, राग नाही. तुम्ही म्हणता ते घडतं, मीच घडवलंय. गणपतीत 'मुलीने केलेली' आरास अख्खी मी केली होती. म्हणूनच विचारतेय की असं काय द्यावं जे त्यांनाच करता येईल आणि मला हात घालायचा मोह होणार नाही. आणि शेकोटी म्हणाल तर आमच्या सोसायटीत शेकोटी पेटवली तर चेअरमन आधी पेटतील.

@बाई, दोन वह्या घेतल्या. 'थंडी चावली' घरात रुळलंय.

---

रसायनकाका | 7 डिसेंबर, दुपारी 1:10

बर्फाच्या पट्टीला उत्तर तुमच्या न्हाणीघरात आहे. खोबरेल तेल.

खोबरेल साधारण 24 अंशांच्या खाली थिजतं. म्हणजे नाशिकच्या थंडीत ती बाटली हा फुकटचा थर्मामीटर आहे. पारदर्शक बाटलीत थोडं तेल घ्या, झाकण घट्ट लावा आणि रोज सकाळी उठल्यावर एकाच खिडकीत बघा. थिजलं असेल तर चौकोन पांढरा ठेवायचा, पातळ असेल तर पिवळा रंगवायचा, मधलं असेल तर अर्धा. साडेतीन वर्षांच्या मुलालाही जमतं आणि आईला चिकटवायला काही उरत नाही.

पुढचा प्रश्न मूल स्वतःच विचारेल: मग शेंगदाण्याचं तेल का नाही थिजत? खोबरेलात ज्या प्रकारची चरबी जास्त असते तिचे रेणू सरळ असतात, ते एकमेकांना चिकटून शिस्तीत बसतात. शेंगदाणा तेलातले वाकडे असतात, त्यांना बसायला आणखी बरीच थंडी लागते. मुलांना सांगताना म्हणायचं, सरळ काड्यांची मोळी चटकन बांधता येते, वाकड्यांची नाही.

विरजणाचंही पान करा. उन्हाळ्यात चार-पाच तासांत लागणारं दही थंडीत दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत ढिम्म. जिवाणू थंडीत आळसावतात. तुमच्यासारखेच.

---

सिडकोवाला_बाबा | 7 डिसेंबर, दुपारी 1:25

म्हणजे बायको रोज सकाळी "तेल थिजलंय, जरा उन्हात ठेवा" म्हणते, तो विज्ञानाचा प्रयोग होता! मी उगाच काम समजत होतो.

---

मिनेसोटाची_मावशी | 7 डिसेंबर, संध्याकाळी 6:40

मूळची पंचवटीची. इथे आत्ता घराबाहेर गुडघाभर बर्फ आहे. लेकाच्या शाळेच्या वहीत रोज बर्फ. पांढऱ्या कागदावर पांढरा बर्फ काढायचा म्हणून तो नुसतं कोरं पान देतो, बाई मार्क देतात. तुमच्या लेकीने पट्टी कोरी ठेवली आणि माझ्याने पान कोरं ठेवलं, दोघंही बरोबर.

गंमत अशी की मी त्याला सांगायला जाते की आमच्याकडे थंडीत बोरं, हुरडा, पेरू, ओला हरभरा, तर तो विचारतो, "मग ती थंडी कशी? थंडीत तर झाडांवर काही नसतं." त्याच्या मते तुमची थंडी खरंच खोटी आहे. :)

एक विनंती. भाजीबाजारात गेलात की मुलांकडून थंडीच्या भाजीचं पान करून घ्या आणि इथे लिहा. मी नुसती वाचून बसेन.

---

निफाडचा_द्राक्षवाला | 8 डिसेंबर, पहाटे 5:30

थंडी खोटी म्हणणाऱ्यांनी आत्ता आमच्याकडं या. पारा 5-6 अंशांवर येणं निफाडला नवं नाही. घडावर दव बसतं, मणी तडकायची भीती, म्हणून बागेत पहाटे शेकोट्या पेटवून धूर करावा लागतो. आत्ता तोच करून आलोय, हात धुवून टाईप करतोय.

माझ्या पोरीची (वय 7) वही सांगतो. तिची वही द्राक्षाची. ऑक्टोबरची छाटणी झाली त्या दिवशी तिनं पहिलं पान काढलं, नुसत्या उघड्या काड्या. त्यानंतर दर रविवारी त्याच एका काडीजवळ जायचं, तिला लाल दोरा बांधलाय. डोळा फुटला, पान आलं, घड दिसला, फुलोरा आला. आता मणी धरलाय. ती मण्याभोवती दोरा गुंडाळते, जिथं टेकला तिथं कापते आणि तो दोरा वहीत चिकटवते. पट्टी नको, आकडा नको. दोरे एकाखाली एक लागलेत, मणी किती वाढला ते आंधळ्यालाही कळेल. जानेवारीत मण्यात पाणी उतरलं की ती चव लिहिणार आहे. मागच्या वर्षी एका पानावर फक्त "आंबट" आणि पुढच्या पानावर "कमी आंबट" होतं.

शहरातल्यांना एक सांगणं. द्राक्षाच्या पानाची नक्षी छान असते म्हणून कुणाच्या बागेतून तोडून पोरांच्या हातात देऊ नका. या दिवसांत भुरी-डावणीच्या (द्राक्षावरच्या बुरशीच्या रोगांच्या) फवारण्या चालू असतात. मालकाला विचारा, तो स्वतः सांगेल कुठलं पान चालेल.

---

कोरापान | 8 डिसेंबर, सकाळी 9:05

दोऱ्यांचं पान आवडलं. माझा विरोध दोन टक्के कमी झाला.

---

बालवाडीच्या_बाई | 8 डिसेंबर, सकाळी 11:40

दादा, तुमच्या लेकीला शाबासकी सांगा. मोजण्याचं बीज तेच आहे. आधी दोरा, मग वीत, मग पट्टी. शाळा नेमकी पट्टीपासून सुरुवात करते.

---

मेनरोडची_मीना | 8 डिसेंबर, दुपारी 3:15

चिकटवायचं ठरवलंच असेल तर बाजारचा गोंद कशाला? गव्हाच्या पिठाची खळ करा. दोन चमचे पीठ गार पाण्यात गुठळी न होता कालवायचं, वाटीभर उकळत्या पाण्यात ओतून पारदर्शक होईपर्यंत ढवळायचं. मुलांना बोटांनी लावायला फार आवडते, तोंडात गेली तरी चिंता नाही.

---

सिडकोवाला_बाबा | 8 डिसेंबर, दुपारी 3:30

आणि उंदरांनाही आवडते. मागच्या वर्षी आमची चिकटवही कपाटात ठेवली होती. मार्चमध्ये काढली तर कडेने अशी सुबक कातरलेली की बायकोला वाटलं मी नक्षी केली.

---

जुना_बाइंडर | 8 डिसेंबर, रात्री 8:20

खळीवर बोलायचा मला अधिकार आहे, आयुष्यभर पुस्तकं बांधली. आम्ही खळीत मोरचूद घालायचो, मग झुरळ-कसर लागत नाही. पण पोरांच्या खळीत मोरचूद अजिबात घालू नका, ते विष आहे. लवंगेच्या तेलाचे दोन थेंब घाला, वासही येतो. थर पातळ लावा आणि पान बंद करायच्या आधी पूर्ण वाळू द्या. थंडीत वाळायला वेळ लागतो. ओलं पान मिटलं की बुरशी धरलीच समजा.

---

गोदाकाठची | 8 डिसेंबर, रात्री 9:50

काका, शेवटचं वाक्य तुम्ही दोन दिवस आधी लिहिलं असतं तर... पहिली दोन पानं चिकटून एक झाली आहेत.

---

रात्रपाळी | 9 डिसेंबर, रात्री 2:10

जागाच आहे म्हणून लिहितो. आवाजांचं पान करा. आम्ही जेलरोडला राहतो. एरवी रेल्वेचा आवाज येत नाही, पण डिसेंबरच्या रात्री गाडीचा भोंगा उशाशी वाजल्यासारखा येतो. मुलगा म्हणायचा, रात्री गाडी घराजवळून जाते. थंडीच्या रात्री जमिनीलगतची हवा गार आणि वरची तुलनेने उबदार असते, त्यामुळे वर निसटणारा आवाज वाकून परत खाली येतो आणि लांबवर पोचतो. रस्तेही शांत असतात ते वेगळंच.

तो झोपताना सांगतो, मी लिहितो. कालची नोंद: "गाडी. कुत्रा. परत कुत्रा. शेजारचे काका खोकले. पंखा नाही." ती 'पंखा नाही'वाली ओळ वाचून मी थबकलो. नसलेला आवाजही मोजला त्याने.

---

मिनेसोटाची_मावशी | 9 डिसेंबर, सकाळी 7:00

"पंखा नाही" 👌 हिवाळ्याची याहून चांगली व्याख्या मी वाचलेली नाही.

---

भूगोलवेडा | 9 डिसेंबर, दुपारी 12:40

सावलीचं पान कुणीच कसं सुचवलं नाही? गच्चीत किंवा गॅलरीत ऊन येत असेल तर 30 सेंटिमीटरची पट्टी मातीच्या गोळ्यात उभी रोवा, खाली कागद ठेवा आणि सावलीच्या टोकाशी मुलाकडून टिंब काढून घ्या. अचूक बाराला नाही! आपलं घड्याळ मिर्झापूरजवळून जाणाऱ्या साडेब्याऐंशी रेखांशाचं, नाशिक त्याच्या बरंच पश्चिमेला. आपल्याकडे सूर्य डोक्याशी सर्वांत वर येतो तो साडेबाराच्या पुढे, जानेवारीत तर पाऊणच्या सुमारास.

22 डिसेंबरला ही सावली साधारण 28 सेंटिमीटर येईल, संक्रांतीला 26, आणि 27 फेब्रुवारीला सोळाच्या आसपास. वही तिथे संपवा, मराठी भाषा गौरव दिन आणि आपल्या तात्यासाहेबांचा वाढदिवस एकाच दिवशी. नाशिककराने थंडीची वही कुसुमाग्रजांच्या दिवशी मिटावी, आणखी काय हवं.

---

कोरापान | 9 डिसेंबर, दुपारी 12:55

विरोध चार टक्के कमी. उरलेला कायम. मुलं घरात बसून दह्याची, सावलीची, तेलाची चित्रं काढतायत आणि बाहेर प्रत्यक्ष थंडी वाया जातेय. रविवारी नांदूरमध्यमेश्वरच्या पक्षी अभयारण्यात घेऊन जा, वही गाडीत ठेवा.

---

थापट्या | 9 डिसेंबर, सायंकाळी 7:30

@कोरापान, सहमत, पण वही सोबत घेऊन. आम्ही मागच्या डिसेंबरात तिथेच, चापडगावला गेलो होतो. जाऊन परत येताना मुलांना तेवीस पक्ष्यांची नावं सांगायची हौस फुकट गेली, त्यांना एकही आठवलं नाही. यंदा यादी ठेवली घरी आणि सांगितलं, फक्त चोची काढायच्या. एक पान, नुसत्या चोची. चमच्यासारखी चोच म्हणजे माझा नामबंधू थापट्या. चिखलात उलटी खुपसून गाळणारी वाकडी चोच म्हणजे रोहित. काळा पक्षी, कपाळावर पांढरा टिळा, तो वारकरी. धाकट्याने त्याला 'विठ्ठल बदक' नाव दिलं, ते बदक नाही हे मी सांगितलं नाही. बाईंचा नियम.

अवांतर: 2020 मध्ये महाराष्ट्रातली पहिली रामसर (जागतिक महत्त्वाची) पाणथळ जागा म्हणून नांदूरमध्यमेश्वरचंच नाव जाहीर झालं. नाशिकमध्ये राहून अजून न गेलेले हात वर करा.

---

सिडकोवाला_बाबा | 9 डिसेंबर, सायंकाळी 7:41

✋ (मिसळ खायला त्या दिशेने अनेकदा गेलोय.)

---

मेनरोडची_मीना | 10 डिसेंबर, सकाळी 10:00

आज बुधवार. गोदाघाटावरच्या बाजारातून पोरीला घेऊन आले. मिनेसोटाच्या मावशीसाठी तिचं पान जसंच्या तसं उतरवते. चित्रं सोडून:

"हरभऱ्याची जुडी. पानं आंबट. हात खाजले. गाजर लाल, मोठं गाजर आजीएवढं. वाल. पावटा. दोन्ही सारखेच, आई म्हणते नाही. बोरं एक पिशवी, अर्धी पिशवी (रिक्षा)."

'रिक्षा' म्हणजे अर्धी बोरं रिक्षात संपली. हरभऱ्याच्या पानावरच्या आंबट दवाला आंब म्हणतात, हे तिला आजीकडून नंतर कळलं. तो शब्द तिने नंतर कोपऱ्यात घुसवला.

---

मिनेसोटाची_मावशी | 10 डिसेंबर, सकाळी 10:20

वाल आणि पावटा. दोन्ही सारखेच. मी रडतेय.

---

निफाडचा_द्राक्षवाला | 10 डिसेंबर, दुपारी 2:00

वाल-पावट्याचा वाद इथं सुरू करू नका, धागा दोनशेवर जाईल.

---

येवलेकर_पतंग | 12 डिसेंबर, रात्री 9:15

संक्रांत आमची तीन दिवस चालते, त्यामुळे आमच्या घरच्या वहीत डिसेंबरपासून पतंग सोडून काही नसतं. पण सोप्पं पान सांगतो: वाऱ्याचं. गॅलरीत काठीला कागदाची पट्टी बांधायची, रोज त्याच वेळी ती कुठे उडते ते बघून बाण काढायचा. पोरगा पतंग कुठल्या गच्चीतून उडवायचा ते त्या बाणांवरून ठरवतो. आसारी (मांजाची फिरकी) धरायला मी, निर्णय त्याचा.

नायलॉन मांजावर बंदी आहे आणि तरी विकतात. आमच्या वहीत एक पान कापलेल्या पंखाच्या घारीचं आहे. ते त्याने स्वतः काढलं, मी सांगितलं नव्हतं. त्यानंतर साधाच दोरा.

---

गोदाकाठची | 17 जानेवारी, रात्री 10:30

धागा वर काढतेय. महिनाभर गायब होते, कारण वही खरंच चालू आहे. हिशेब देते.

काय चाललं नाही: आवाजांचं पान. माझी मुलगी रोज फक्त "बाबा घोरतात" सांगते. आठ नोंदी झाल्यावर बाबांनी आक्षेप घेतला. वाऱ्याचं पानही नाही, आमच्या गॅलरीत समोरच्या इमारतीमुळे वारा गोल फिरतो, पहिल्या दिवशी बाण चारही दिशांना.

काय चाललं: खोबरेल! धाकटा रोज उठला की दात घासायच्या आधी खिडकीत. मध्ये चार दिवस ढगाळ आणि उबदार होते, तेल पातळ. तो इतका खट्टू झाला की मी रात्री बाटली गुपचूप फ्रीजमध्ये ठेवायचा विचार केला. ठेवली नाही. (कोरापान, नोंद घ्या, आईने हात घातला नाही.) पाचव्या दिवशी सकाळी घरभर आरोळी, "थिजलं! थिजलं!" वरच्या मजल्यावरच्या काकू काय झालं बघायला खाली आल्या.

बोरन्हाणाचं पान त्याचंच. त्याने एक मोठा गोल काढला आणि त्यावर खूप ठिपके. विचारलं हे काय, म्हणाला, "मी. वरून बोरं." खाली लिहायला सांगितलं ते वाक्य: "हलवा डोळ्यात गेला, सगळे हसले, मी नाही हसलो." मी लिहिलं. पाहुण्यांच्या फोटोंत तो हसताना दिसतोय, पण वही त्याची.

एक अडलंय. मुलगी रोज सूर्य उगवायची वेळ लिहिते, बाबा मोबाईलवर बघून सांगतात. 22 डिसेंबर सगळ्यात लहान दिवस, मग दिवस मोठा होणार, असं मी मोठ्या तोऱ्यात सांगितलं. आता ती म्हणते, तुझं चुकलं, सूर्य तर रोज आणखी उशिरा येतोय. वही तिच्या बाजूने आहे. 22 डिसेंबरला सात-पाच, संक्रांतीला सात-बारा. मी काय सांगू?

---

सिडकोवाला_बाबा | 17 जानेवारी, रात्री 10:38

सांगा की संक्रांतीला सूर्याचा सातबारा निघतो.

---

निफाडचा_द्राक्षवाला | 17 जानेवारी, रात्री 10:50

आमचा सातबारा काढायला तीन चकरा लागतात, सूर्याचा बरा एका दिवसात निघाला 😀

---

भूगोलवेडा | 17 जानेवारी, रात्री 11:15

लेकीचं बरोबर, तुमचंही बरोबर. दिवस मोठा होतोय, पण तो संध्याकाळच्या बाजूने. तिच्याकडून मावळायची वेळही लिहून घ्या. 22 डिसेंबरला साधारण सहा वाजून एक मिनिट होती, संक्रांतीला सव्वासहा. सकाळी सात मिनिटं गेली, संध्याकाळी चौदा मिळाली.

कारण असं. एका माध्यान्हापासून दुसऱ्या माध्यान्हापर्यंत बरोबर चोवीस तास लागतात असं घड्याळ धरून चालतं. पण पृथ्वीचा अक्ष कललेला आणि कक्षा जराशी लांबट, त्यामुळे या दिवसांत सूर्याची माध्यान्ह रोज अर्ध्या मिनिटाच्या आसपास पुढे सरकते. अख्खा दिवसच घड्याळावर पुढे ढकलला जातो, म्हणून उगवणंही उशिरा. आता पुढच्या आठवड्यापासून बघा, सकाळ परत मागे यायला लागेल. तिला आधी सांगू नका. तिलाच सापडू द्या.

---

बालवाडीच्या_बाई | 18 जानेवारी, सकाळी 8:10

साडेपाच वर्षांच्या मुलीने आईला वहीतून पुरावा काढून दाखवला? गोदाकाठची, तुमचं काम झालं. आता वही सुटली तरी चालेल.

---

कोरापान | 18 जानेवारी, सकाळी 9:00

विरोध मागे घेत नाही, पण काल नातवाला वही आणून दिली. त्याने पहिल्या पानावर माझं चित्र काढलं, मफलर आणि नाक. खाली लिहायला सांगितलं, "आजोबा बाहेर जा म्हणतात, स्वतः जात नाहीत."

---

मेनरोडची_मीना | 18 जानेवारी, सकाळी 9:12

🤣🤣 कोरापान, पान भरलं तुमचं.

---

गोदाकाठची | 2 फेब्रुवारी, रात्री 9:40

सूर्याचं तिला परवा सापडलं. "आई, तो परत लवकर यायला लागला." मी काही बोलले नाही, भूगोलवेडा.

पण आता नवीन भानगड. बोरन्हाणाच्या पानावर धाकट्याने खरं बोर चिकटवलं होतं, मला न सांगता, खळीने, आणि वही मिटून ठेवली होती. त्याला बुरशी आलीय. हिरवी, कडेने पांढरी. मी टाकायला निघाले तर दोघंही रडायला लागली. थोरली रोज तिचं चित्र काढतेय, शेजारी तारीख घालून. आज चौथा दिवस, बुरशी शेजारच्या पानावर गेली आहे. जुना बाइंडर काका, वही वाचवायची की बुरशी?

---

जुना_बाइंडर | 2 फेब्रुवारी, रात्री 10:05

बोर कागदासकट कापून काचेच्या बरणीत टाका, झाकण घट्ट लावा आणि पुन्हा उघडू नका, श्वासात जायला नको. मुलांना बाहेरून बघू द्या. शेजारचं पानही कापा. उरलेली वही दोन दिवस उन्हात उघडी ठेवा.

---

रसायनकाका | 2 फेब्रुवारी, रात्री 10:20

आणि बरणी खोबरेलाच्या बाटलीशेजारी, त्याच खिडकीत.